फवारा, वड्या आणि काळी पावडर

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो, तुमसर तालुक्यात. धानावर तुडतुडे आले म्हणून मोठेबाबा बॅटरीचा पंप पाठीवर घेऊन बांधीत उतरलेले. धुऱ्यावर पाणी पिता पिता विचारलं, "बाबू, नागपूरले नेमकं काय करून राह्यला तू?" मी नोझलकडे बोट दाखवलं, म्हटलं हेच जी, फवारा मारतो, फक्त भट्टीत.

खरंच तेच आहे. स्प्रे पायरोलिसिस म्हणतात त्याला. लिथियम नायट्रेट आणि मँगनीज नायट्रेट पाण्यात विरघळवायचं, लिथियम एक तर मँगनीज दोन, वरून लिथियम थोडं जास्त कारण भट्टीत ते उडतं. पाणी फिक्कट गुलाबी दिसतं. खाली १.७ मेगाहर्ट्झवर थरथरणारी चकती, तिच्यानं धुकं उठतं, थेंब काही मायक्रॉनचेच, आणि ते धुकं हवेसोबत ७००-८०० अंशाच्या नळीतून जातं, काही सेकंदात पाणी उडतं, क्षार फुटतात आणि पलीकडे फिल्टरवर काळी पावडर जमते, लिथियम मँगनीज ऑक्साइड, लिथियम बॅटरीत भरतात ती. तपकिरी धूर निघतो तो नायट्रोजन डायऑक्साइडचा, तो कॉस्टिकच्या पाण्यातून सोडायचाच, त्यात हयगय नाही.

कोरड्या पावडरी मिसळून भाजल्या तर लिथियमला मँगनीजपर्यंत पोचायला तास न् तास लागतात, इथं प्रत्येक थेंबात पूर्ण माप आधीच असतं. एक थेंब, एक कण. मला या पद्धतीचं हेच सगळ्यात जास्त आवडतं.

मोठेबाबा म्हणाले, "मंग आपल्या डोंगरीचं मँगनीज चालन का?" डोंगरी बुजुर्ग म्हणजे आमच्याच तालुक्यातली मँगनीजची खाण, तिचा माल सुक्या सेलमध्ये जातोच, पण आमच्या कामाला आधी तो आम्लात विरघळवून त्यातलं लोखंड वगैरे काढावं लागेल. होण्यासारखं आहे, आणि ते इथंच व्हावं असं मला मनापासून वाटतं, माती आपल्या गावची आणि पावडर दुसरीकडून विकत आणायची हे बरोबर नाही.

माझी अडचण वेगळीच होती. मायक्रोस्कोपखाली कण गोल दिसायचे पण आतून पोकळ, काही तर अंड्याच्या फुटक्या टरफलासारखे. असे कण जागा खातात, तेवढ्याच डब्यात माल कमी बसतो. संध्याकाळी आईला सांगितलं तर ती म्हणाली, लाखोळीच्या वड्या पहिल्याच दिवशी कडक उन्हात टाकल्या की वरून पापुद्रा धरतात न् आत फोफशा राहतात. थेंबाचंही तसंच आहे, वरचं पाणी झपाट्यानं उडालं की क्षार आधी कडेलाच बसतो, मध्ये काही उरत नाही.

परत आल्यावर भट्टीचा पहिला भाग २०० अंशावर आणला, हवेचा झोत कमी केला, द्रावण थोडं घट्ट केलं, मग पावडर ७५० अंशावर परत भाजली. टरफलं अजून दिसतात पण फार कमी, आणि तेवढ्याच वजनाची पावडर बाटलीत आता आधीच्या खुणेच्या बोटभर खाली बसते.