साठ वर्षं खेळणारा टॉमी वॉल्श

२१ जुलै २०२३, शुक्रवार. दोन दिवसांनी, रविवारी, डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर हर्लिंग या काठी-चेंडूच्या आयरिश खेळाची ऑल-आयर्लंड फायनल होती, लिमरिक काउंटी (जिल्हा) विरुद्ध किलकेनी काउंटी. या आठवड्यात आमचे फोन थांबत नाहीत. डब्लिनमधल्या एका लहानशा ऑफिसात मी खेळाडूंच्या नोंदी सांभाळते. कोण कुठल्या क्लबचा, पहिला सामना कधी, शेवटचा कधी, किती गोल, किती पॉइंट. वर्तमानपत्रं आणि रेडिओवाले ही माहिती आमच्याकडून घेतात आणि त्यावर विसंबून बोलतात.

दुपारी अडीचच्या सुमाराला एका रेडिओ केंद्रातून एका मुलीचा फोन आला. आवाज अगदी शांत होता. म्हणाली, "किलकेनीचा कॉर्नर-बॅक, म्हणजे बचावातला टॉमी वॉल्श. तुमच्या नोंदीत त्याचा पहिला सीनियर सामना १९६३ सालचा दिसतोय. टाइप करताना चुकलंय का?"

मी नोंद उघडली आणि पोटात गोळाच आला. टायपिंगची चूक नव्हतीच. टॉमी वॉल्श, किलकेनी, १९६३ ते २०२३. त्याच्या नावावर १९६३ आणि १९६७चं विजेतेपद, २००३पासून सलग नऊ ऑल स्टार पुरस्कार, २००९चा सर्वोत्तम हर्लर, त्याच २००९मध्ये केरीकडून गेलिक (आयरिश) फुटबॉलची फायनल, पुढे मेलबर्नच्या सेंट किल्डा संघात ऑस्ट्रेलियन फुटबॉल आणि सगळ्यात खाली २०१६च्या रिओ ऑलिंपिकमधलं गोळाफेकीचं कांस्यपदक. साठ वर्षं अखंड खेळणारा एकच माणूस. फोटो मात्र हेल्मेट घातलेल्या एका तरुण पोराचा.

नोंदीच्या तळाशी बदल करणाऱ्याची आद्याक्षरं असतात. ती माझी होती.

एप्रिलमध्ये जुन्या याद्या नव्या संगणकप्रणालीत आणताना एकाच माणसाच्या दोन-दोन नोंदी झाल्या होत्या. नावं जुळली की प्रणाली विचारायची, या नोंदी एकत्र करू का? एका संध्याकाळी मी अशा शेकडो जोड्यांना 'हो' म्हणत गेले. टॉम, टॉमी, थॉमस ही एकाच नावाची रूपं हे प्रणालीला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. केरी आणि किलकेनी या दोन्ही काउंटींचं इंग्रजी आद्याक्षर एक, आणि जुन्या एका यादीत काउंटीच्या रकान्यात नुसतं तेवढंच अक्षर होतं. वर्ष तेच, मैदान तेच, स्पर्धेचं नाव तेच. थांबून बघायला हवं होतं. मी थांबले नाही.

त्या मुलीला सांगितलं, "सहा वाजेपर्यंत दुरुस्त करून देते. तोवर यातलं काहीही वाचू नका."

आमच्या ऑफिसात आठवड्यातून दोन दिवस एक गृहस्थ येतात. किलकेनी काउंटीतले, टपालखात्यातून निवृत्त झालेले. जुन्या नोंदींतली नावं तपासणं हे त्यांचं काम. इथे सगळे त्यांना नावाने हाक मारतात, मला अजून ते जमत नाही. मनात मी त्यांना काका म्हणते, इथेही काकाच म्हणते. त्यांनी खुर्ची ओढून माझ्या शेजारी घेतली, चष्मा पुसला आणि पडद्यावरची नोंद वरून खालपर्यंत वाचली. रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "नाव बाजूला ठेव. आधी पॅरिश विचार."

पॅरिश म्हणजे चर्चच्या हद्दीतली गावं. इथे क्लब बहुतेक पॅरिशचा असतो. पोरगा जन्मतो तिथल्याच क्लबात काठी धरायला शिकतो आणि एरवी मरेपर्यंत त्याच क्लबचा राहतो. या खेळात पगार नाही, पैसे मोजून खेळाडू विकत घेणं नाही. त्यामुळे नाव फसवतं, क्लब सहसा फसवत नाही. शिवाय वॉल्श हे आयर्लंडमधल्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी एक. आयरिशमध्ये ब्रानाख, म्हणजे वेल्सकडून आलेला. शेकडो वर्षांपूर्वी नॉर्मन लोकांबरोबर समुद्र ओलांडून आलेल्यांना स्थानिकांनी हे नाव दिलं आणि किलकेनीच्या दक्षिणेकडे डोंगरालासुद्धा ते चिकटलं. माझ्या आजोळी नवा पोरगा अंगणात दिसला की म्हातारी माणसं नाव विचारायची नाहीत, "कुणाचा रे तू?" विचारायची. काकांचा प्रश्न तोच होता. आपल्याकडे निदान मधलं नाव बापाचं असतं, कागदावरही ओळख पटते. इथे ती सोय नाही, म्हणून टोपणनावं पडतात. किलकेनीचा फिल लार्किन 'फॅन', त्याचा मुलगा फिली. दोघेही जेम्स स्टीफन्स क्लबचे, दोघेही कॉर्नर-बॅक, दोघांकडेही ऑल-आयर्लंड पदकं. फॅनचे वडील पॅडी लार्किन १९३०च्या दशकात किलकेनीकडूनच जिंकलेले. टोपणनाव नसतं तर तीही गाठ आमच्याकडे बसली असती.

आम्ही वॉल्श सोडवायला घेतले.

गोळाफेकवाला पहिल्या मिनिटात सुटला. तो न्यूझीलंडचा टॉम वॉल्श, २०१७चा लंडनचा जगज्जेता. त्याचा आयर्लंडच्या कुठल्याही पॅरिशशी संबंध नाही.

मग केरीचा टॉमी वॉल्श. इथे मात्र मन दचकतं. ६ सप्टेंबर २००९ला क्रोक पार्कवर किलकेनीने टिपरेरीला २-२२ (म्हणजे दोन गोल, बावीस पॉइंट) विरुद्ध ०-२३ असं हरवलं, तेव्हा किलकेनीच्या बचावफळीत एक टॉमी वॉल्श होता. बरोबर चौदा दिवसांनी, २० सप्टेंबरला, त्याच गवतावर केरीने फुटबॉलच्या फायनलमध्ये कॉर्कला हरवलं आणि केरीच्या आक्रमणात दुसरा टॉमी वॉल्श होता. दोघेही त्या वर्षीचे ऑल-आयर्लंड विजेते. केरीचा टॉमी नंतर ऑस्ट्रेलियाला गेला, आधी सेंट किल्डा, मग सिडनी स्वान्स, आणि काही वर्षांनी परत केरीत आला. किलकेनीच्या टॉमीने २०११मध्ये आपला नववा ऑल स्टार घेतला तेव्हा केरीचा टॉमी जगाच्या दुसऱ्या टोकाला अंडाकृती चेंडूने खेळत होता.

किलकेनीचा हा टॉमी टुलरोन क्लबचा. हर्लिंग जाणणाऱ्या माणसासमोर त्याचं नाव काढलं की तो खुर्चीत सरसावून बसतो. वर्षाअखेरीस देशातल्या सर्वोत्तम पंधरा जणांचा ऑल स्टार संघ निवडतात. त्यात तो २००३ ते २०११ सलग नऊ वर्षं होता, आणि तेही पाच वेगवेगळ्या जागांवर. बचावात, मधल्या फळीत, पुढच्या फळीत, जिथे ठेवाल तिथे देशात पहिला. पाच जागा बघून मलाच शंका आली की ही तरी एकाच माणसाची नोंद आहे ना! काका हसले आणि म्हणाले, "ही एकाचीच आहे. यावर माझा शब्द घे."

पण टुलरोनपाशी काकांचा नियम अडला. या रविवारी खेळणारा टॉमी वॉल्शसुद्धा टुलरोनचाच. नाव तेच, काउंटी तीच, पॅरिशही तीच. त्यांना वेगळं करायला जन्मवर्षच लागलं. एक १९८३चा, दुसरा १९९८चा. थोरला २०१४नंतर किलकेनीकडून थांबला, धाकटा काही वर्षांनी आला. काका म्हणाले, टुलरोनमध्ये कुणाचाच गोंधळ होत नाही, कारण तिथे दोघांचीही घरं माहीत आहेत.

आता उरला १९६३चा.

काकांनी कपाटातून १९६७च्या फायनलची कार्यक्रमपत्रिका काढली. मधल्या पानावर संघ मैदानात उभे राहतात तसे मांडलेले, गोलरक्षक एकटा, त्याच्यापुढे तीन, त्यापुढे तीन. कागद तांबूस पडलेला आणि घडीवर झिजून पातळ झालेला. काकांची पेन्सिल कागदाला न टेकता गोलरक्षकावर थांबली. ऑली वॉल्श, थॉमसटाउनचा. मग पेन्सिल पुढच्या फळीकडे सरकली. टॉम वॉल्श, तोही थॉमसटाउनचा. तेवीस वर्षांचा. एकोणिसाव्या वर्षीच त्याने १९६३ची फायनल जिंकलेली.

ज्यांनी हर्लिंग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. एका बाजूला पंधरा जण. हातात ॲशच्या लाकडाची, टोकाला रुंद चपटी काठी. चेंडू कातडी, मुठीत मावेल एवढा. तो जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण, आणि आडव्या दांड्यावरून गेला तर एक. उंच आलेल्या चेंडूसाठी दोन-तीन काठ्या एकाच वेळी डोक्याच्या पातळीवर फिरतात. १९६७मध्ये खेळाडूंच्या डोक्यावर काही नसायचं.

३ सप्टेंबर १९६७. किलकेनी ३-८, टिपरेरी २-७. चॅम्पियनशिपमध्ये किलकेनीने टिपरेरीला १९२२नंतर हरवलं नव्हतं. पंचेचाळीस वर्षं. काका त्या दिवशी नऊ वर्षांचे होते, वडिलांबरोबर क्रोक पार्कवर होते. "मला एवढंच कळलं, की आपण टिपरेरीला हरवलं," ते म्हणाले. "मोठी माणसं रडत होती, ती आनंदानेच रडताहेत असं वाटलं. डोळ्याचं मला घरी आल्यावर कळलं, स्वयंपाकघरात आई-वडील हळू आवाजात बोलत होते तेव्हा."

त्या सामन्यात काठी लागून टॉम वॉल्शचा एक डोळा गेला. तेविसाव्या वर्षी त्याचं हर्लिंग संपलं.

हे ऐकताना माझं लक्ष पडद्यावर होतं. 'शेवटचा सामना' हा रकाना आम्ही सगळ्यांसाठी भरतो. टॉम वॉल्शच्या जुन्या नोंदीत तिथे ३ सप्टेंबर १९६७ असं कुणीतरी व्यवस्थित भरून ठेवलं होतं. मी नोंदी एकत्र केल्या तेव्हा प्रणालीने सर्वांत अलीकडची तारीख ठेवली आणि ती पुसून टाकली. मी त्याला दुसऱ्यांचे नऊ ऑल स्टार दिले, ऑस्ट्रेलियाला पाठवलं, ऑलिंपिकचं पदक दिलं आणि त्याचं स्वतःचं जे होतं ते घेतलं. १९६३च्या त्याच विजयी संघात फॅन लार्किनही होता. फॅन १९७९ची फायनलही जिंकला, अडतिसाव्या वर्षी. एकाच संघातले दोघे, एकाला आणखी सोळा वर्षं मिळाली आणि एकाला चार. ही तारीख नसेल तर ते कुणाला कधी कळणार?

मी काकांना म्हटलं, "माफ करा." ती माफी खरं तर त्यांच्याकडे मागायची नव्हती, हे दोघांनाही कळलं. ते म्हणाले, "तारीख भर आधी." भरली. मग त्यांनी मला ती मोठ्याने वाचायला लावली, आणि कार्यक्रमपत्रिकेवरच्या तारखेशी ताडून पाहिली.

हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं झालं ते १ जानेवारी २०१०पासून. १९६७नंतर बेचाळीस वर्षांनी. मला हे आधी माहीत होतं, नियमांच्या यादीतली एक ओळ म्हणून. तीन तास त्या नोंदीपुढे बसल्यावर ती ओळ मला तशी वाचता येत नाही. धाकट्या टॉमीच्या फोटोत चेहऱ्यासमोर लोखंडी जाळी आहे. तो फोटो मी इतके महिने थॉमसटाउनच्या टॉम वॉल्शच्या नोंदीवर लावून ठेवला होता.

सहाला दहा मिनिटं असताना पाच नोंदी वेगळ्या झाल्या. प्रत्येकीत नावानंतर क्लब, क्लबनंतर जन्मवर्ष. रेडिओच्या मुलीला मी धाकट्या टॉमीचं टिपण पाठवलं, आणि न विचारता १९६७चंही. तिचा लगेच फोन आला. "हे माझ्या आजोबांना माहीत असेल," म्हणाली, आणि थॉमसटाउनचा उच्चार मी बरोबर करतेय का हे मीच तिच्याकडून तपासून घेतलं.

रविवारी लिमरिक जिंकलं, ०-३० विरुद्ध २-१५, सलग चौथ्यांदा. मी घरी रेडिओ लावला होता. पहिल्या काही मिनिटांतच निवेदक म्हणाला, "टुलरोनचा टॉमी वॉल्श." चेंडू पुढे गेला, निवेदकही पुढे गेला.

सोमवारी काकांचा येण्याचा वार नव्हता, तरी आले. एप्रिलमधल्या सगळ्या जोड्या पुन्हा तपासायच्या असं ठरवून मी यादी छापून ठेवली होती. त्यांनी कोट खुर्चीला अडकवला, पेन्सिलीला टोक काढलं आणि पहिलं नाव वाचलं. रिची पॉवर, किलकेनी, विजेता १९८२ ते २०१५. बाप आणि मुलगा, दोघेही कॅरिकशॉकचे. मुलाच्या गुडघ्याने २०१६च्या सुरुवातीला त्याला थांबवलं. त्याच्या खालचं नाव जॉन पॉवर. एक या रिचीचा भाऊ, २०१४च्या फायनलच्या फेरलढतीत दोघा भावांनी एकेक गोल केलेला. दुसरा कॅलनचा, १९९२-९३चा विजेता, यांच्या घरातला नव्हेच.

"कॅलनचा वेगळा काढ," काका म्हणाले. "चल, पुढचा."