टुकुमकारीतली उलटी पाटी

आज अमेरिकेतल्या जुन्या रूट ६६ हायवेवर, टुकुमकारीच्या ब्लू स्वॅलो मोटेलसमोर टिनटाइप, म्हणजे पत्र्यावरचे फोटो काढले. पद्धत १८५१ सालची, वेट कोलोडियन. पत्र्यावर कोलोडियन हा चिकट द्रव ओतायचा, पत्रा सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचा, ओला आहे तोवरच फोटो घेऊन डेव्हलप करायचा. न्यू मेक्सिकोच्या कोरड्या हवेत तो भराभर सुकतो, म्हणून डार्करूम गाडीच्या डिकीतच! कोलोडियनला निळा प्रकाश दिसतो, लाल जवळजवळ नाहीच. त्यामुळे निळंभोर आकाश पांढरंफटक आणि लाल रंग काळाकुट्ट. शिवाय सगळं आरशातलं, मोटेलची निऑन पाटी उजवीकडून वाचावी लागते. मला मात्र निऑनपेक्षा खोल्यांना चिकटलेली गाड्यांची गॅरेजं जास्त आवडली. आता कुठे मिळतात अशी? व्हिडिओ कॉलवर आईनं फोटो राहू दे, आधी सिल्व्हर नायट्रेटनं काळी झालेली माझी बोटं पाहिली. "बिब्बा लागला का रे हाताला?"