मोठी चाकं पाहायला गेलो आणि रिम लहान करून आलो

आमचं वावर काटोलच्या पुढे. संत्र्याचा बगीचा, आणि डांबरी सोडल्यावर तिथपर्यंत नेणारी पांदण. उन्हाळ्यात त्या पांदणीतून कोणतीही गाडी जाते. मृग लागला की काळी माती अशी फुगते की ट्रॅक्टरवालेही आधी विचारतात, "काल किती पडला?" महिंद्राची थार घेतली ती याच पांदणीसाठी. डिझेल, फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देणारी), एलएक्स व्हेरिएंट. इंजिनात दम भरपूर, पण कंपनीचे २५५/६५ आर १८ टायर मुळात रस्त्याचे. त्यांच्या खाचांत माती भरली की टायर गुळगुळीत होतो. मग चारही चाकं गरगर फिरतात आणि गाडी जागेवरच.

नागपुरात थारवाल्यांना विचारलं तर उत्तर एकच: मोठे टायर टाक. एका मित्राच्या गाडीला २८५/७० आर १७ आहेत. फुटाळा तलावावर उभी केली की लोक वळून पाहतात, हे खरं. पण पैसे मोजण्याआधी मी कागद-पेन घेऊन बसलो.

टायरवरचे आकडे वाचणं सोपं आहे. २५५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के उंचीची साइडवॉल, १८ म्हणजे इंचात रिम. साइडवॉल दोनदा आणि रिम एकदा मिळवली की पूर्ण चाकाची उंची येते. माझं चाक ७८९ मिमी, मित्राचं ८३१. फरक ४२ मिमीचा, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे २१ मिमी. त्या बदल्यात मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ ने धावते, गिअर जड वाटतात आणि जास्त वजनाचं चाक थांबवायला ब्रेकलाही जास्त जोर लागतो.

घासण्याचा प्रश्न वेगळाच. मित्राच्या गाडीला लिफ्ट किट, म्हणजे सस्पेन्शन उंच करणारे सुटे भाग, नाही. त्याच्या पुढच्या टायरच्या दोन्ही कडांना खडू फासला, एक चाक दगडावर चढवलं आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे-मागे केली. खाली वाकून पाहिलं तर आतल्या कडेचा खडू पार पुसलेला आणि चाकाच्या वरच्या प्लास्टिकच्या लाइनरवर पांढरा पट्टा. मित्र म्हणाला, "एवढं चालते बे!" त्याला चालत असेल. मला पावसात, आडवाटेला, लाइनर फाटून टायरला गुंडाळलेला नको होता.

लिफ्ट किट टाकून ते सुटतं, पण मग कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे अगदी स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. दंडाचं एक वेळ सोडा. अपघात झाला आणि विमावाल्यानं चाकांकडे बोट दाखवलं, तर भांडत कोण बसणार?

अमरावती रोडवर वाडीत, ट्रकवाल्यांच्या त्या गर्दीत, एका जुन्या टायरच्या दुकानात गेलो. दुकानदार काकांनी आधी एकच विचारलं, "फोटो काढासाठी पायजे का वावरात जासाठी?" वावर म्हटल्यावर म्हणाले, "मंग रिम लहान करा ना भाऊ. रबर वाढवा."

हे मला पटलं, कारण थारच्याच एएक्सला कंपनीनं २४५/७५ आर १६ दिले होते. म्हणजे साइज कंपनीचीच, फक्त दुसऱ्या व्हेरिएंटची. चाक उंचीला ७७४ मिमी, माझ्या जुन्यापेक्षा थोडं बुटकंच. कंपनी ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची) २२६ मिमी सांगते, त्यातले सातेक मिमी गेले. पण साइडवॉल १६६ वरून १८४ मिमी झाली, आणि पांदणीत खरा उपयोग तिचाच. हवा ३० वरून २० पीएसआयच्या आसपास आणली की उंच साइडवॉलचा टायर पसरतो, जमिनीला लांबवर चिकटतो, आणि दगडानं रिम ठेचायची भीती कमी होते. शिवाय आमच्या पांदणीत वर वीतभर चिखल आणि खाली मुरूम आहे. तिथे अरुंद टायर चिखल कापून खालची पकड शोधतो, रुंद टायर वरच्या वर तरंगतो. जिथे तळच लागत नाही अशा खोल रेगडीत किंवा कन्हानच्या रेतीत हे गणित उलटंही होईल.

मड टेरेन, म्हणजे खास चिखलाचे, टायर काळ्या मातीत निःसंशय सरस. खाचा रुंद असल्यामुळे चाक जोरात फिरवलं की माती फेकली जाते. पण माझं निम्म्याहून जास्त फिरणं डांबरीवर. तिथे ते घोंगावतात, लवकर झिजतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लांबतो. म्हणून रस्ता आणि माती दोन्हींवर चालणारे ऑल टेरेन घेतले, त्यातल्या त्यात मोठ्या खाचांचे. दहा प्लायचे (जाड थरांचे, कडक) ट्रकछाप टायर दाखवत होते, ते नाकारले. एवढ्या हलक्या गाडीत ते दगडासारखे बसतात. घेताना साइडवॉलवर 'DOT' नं सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे जरूर पाहा: २३२४ म्हणजे २०२४ चा २३वा आठवडा. नागपूरच्या उन्हात गोदामात पडून वाळलेलं रबर नव्याच्या भावात घेण्यात अर्थ नाही.

रिमा साध्या लोखंडी घेतल्या. वाकल्या तर ठोकून सरळ होतात, अलॉय तडकतं. पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचं माप), ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते) आणि मधल्या भोकाचं माप एएक्सच्या मूळ रिमशी जुळवून घेतलं. ऑफसेट कमी असलेली रिम चाक बाहेर काढते. दिसतं छान, पण बेअरिंगवर ताण येतो आणि सगळा चिखल दारावर उडतो.

पाच घेतल्या, चार नाही. पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये पुढचा-मागचा अ‍ॅक्सल एकत्र बांधला जातो. चाकांच्या उंचीत फरक असला की ताण थेट ट्रान्स्फर केसवर, म्हणजे दोन्ही अ‍ॅक्सलना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीवर, येतो, म्हणून स्टेपनीही त्याच मापाची हवी. हवेच्या दाबाचे सेन्सर जुन्या चाकांतून आठवणीनं काढून घेतले. खर्च लाखाच्या घरात गेला. थोडा परत आला, कारण जुनी अलॉय धरमपेठेतल्या एका पोरानं पाहता क्षणी उचलली.

या पावसाळ्यात फवारणीच्या दिवसांतही गाडी बगीच्यापर्यंत गेली. एकदा नाल्याच्या उतारावर रुतली, तेव्हा ट्रॅक्टरच लागला. काटोल रोडवर ऐंशीच्या वर हलका घूं आवाज येतो, गाणी लावली की ऐकू येत नाही. मे महिन्यात हवा सकाळी, गाडी हलवण्याआधीच तपासतो. उन्हात तापलेल्या टायरचा आकडा चढलेला असतो, आणि तो पाहून हवा काढली तर रात्री टायर बसलेले दिसतात. नवीन रिमा बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनं नट पुन्हा आवळून घ्या. माझे दोन अर्धा आटा फिरले.