पासवर्ड लावला की वायफाय रुसतं: माझा अनुभव

सांगलीत विश्रामबागच्या घरी नवा राउटर बसवला. पासवर्ड नसताना सगळं चालायचं. पासवर्ड लावला की मोबाइल तेवढे जोडले जायचे, विंडोज ७ चा लॅपटॉप आणि जुना प्रिंटर बाहेरच. खुलं ठेवल्यावर चालतंय म्हणजे लाइन आणि रेंज ठीक, घोळ सिक्युरिटी सेटिंगात. (ही चाचणी दोन मिनिटांची. नेट उघडं ठेवून झोपू नये.)

आधी लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडला. वायफायवरूनच सेटिंग बदललं तर सेव्ह दाबताच आपणच बाहेर फेकले जातो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून राउटरचं सेटिंग पान उघडलं, तुमच्या राउटरचा पत्ता त्याच्याखालच्या स्टिकरवर असेल.

सिक्युरिटी मोड होता डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र (वायफाय सुरक्षेच्या जुन्या-नव्या दोन पद्धती एकत्र). डब्ल्यूपीए३ आलं २०१८ मध्ये. मिश्र मोडमध्ये जुन्या यंत्रांनी डब्ल्यूपीए२ वर जोडलं जायला हवं, पण काहींचे ड्रायव्हर (वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर) तिथेच अडखळतात. मोड नुसता डब्ल्यूपीए२-पीएसके (घरगुती, एका पासवर्डचा) आणि एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती गुप्त करायची पद्धत, एईएस केलं, प्रिंटर जोडला गेला. टीकेआयपी ही जुनी एन्क्रिप्शन पद्धत निवडू नका, त्यावर ८०२.११एन या वायफाय प्रकाराचा वेग ५४ एमबीपीएसवरच अडतो. डब्ल्यूईपी ही त्याहून जुनी सुरक्षा तर नकोच: ती मिनिटांत फुटते, शिवाय तिचा पासवर्ड चुकला तरी 'कनेक्टेड' दिसू शकतं. आयपी (यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता) मात्र १६९.२५४ ने सुरू होतो, म्हणजे राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही.

लॅपटॉप तरी हटेना. त्याच्याकडे खुल्या नेटवर्कचं जुनं प्रोफाइल साठवलेलं होतं, नाव तेच आणि सिक्युरिटी वेगळी. 'मॅनेज वायरलेस नेटवर्क्स'मधून ते नाव काढून टाकलं, नव्याने पासवर्ड दिला, झालं.

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा लागतो. देवनागरी चालत नाही. व्हॉट्सॲपवरून कॉपी केला तर शेवटची रिकामी जागाही अक्षर म्हणून धरली जाते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. प्रिंटरच्या टीचभर पडद्यावर शून्य आणि कॅपिटल ओ, एक आणि स्मॉल एल सारखेच दिसतात. म्हणून ही चार टाळून १४ स्मॉल अक्षरं-आकड्यांचा पासवर्ड ठेवला.

एक राहिलंच: जुन्या प्रिंटरला बहुधा २.४ गिगाहर्ट्झच कळतं. राउटरच्या दोन्ही बँडना (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) वेगळी नावं द्या, नाहीतर दोष पासवर्डवर जातो.