सागरेश्वरची चितळे आणि तात्यांची बंदूक

गेल्या महिन्यात आमच्या उसाच्या कडेच्या सरीत चितळाची एक मादी मरून पडलेली सापडली. गोळी पोटात लागलेली होती, आणि वाळलेल्या रक्ताचा माग पाहता ती जखम घेऊन बरेच अंतर चालत आली असावी. उसात शिरल्यावर ती लगेच मेली नव्हती, कारण ती जिथे पडली होती तिथला पाचट तिच्या खुरांनी उकरला गेला होता. मी १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर फोन केला, वनरक्षक आले आणि पंचनामा झाला. मादी गाभण होती. दोन रात्री आधी शेजारच्या दोघांनी डोंगराच्या अंगाला गाडीचे आणि बॅटरीचे झोत फिरताना पाहिले होते, परंतु ऊस राखायला कोणी आले असेल असे समजून ते झोपले.

आमचे शेत सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात, सागरेश्वर अभयारण्याच्या कुंपणापासून जवळ आहे. या अभयारण्याचे क्षेत्र अवघे १०.८७ चौरस किलोमीटर असून ते माणसांनी उभे केलेले जंगल आहे. उघड्याबोडक्या डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेऊन झाडे वाढवली, तिथे हरणे आणून सोडली गेली, आणि १९८५ साली त्या डोंगराला अभयारण्याचा दर्जा मिळाला. या कामाविषयी मला अतिशय आदर आहे, आणि तो मनात ठेवूनच पुढचे लिहीत आहे. कुंपणाच्या आत चितळ, सांबर आणि काळवीट वाढले, मात्र त्यांना खाणारे मोठे जनावर तिथे फार काळ नव्हते. तेवढ्याच काळात ताकारी उपसा सिंचन योजनेचे पाणी आले आणि एका शाळूच्या पिकावर जगणारी आमची जिरायत राने बारमाही हिरवी झाली. उन्हाळ्यात डोंगरावरचे गवत वाळलेले असते आणि खाली उसाचे कोवळे कोंब फुटलेले असतात, तेव्हा हरीण कुठे येणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. एका रात्रीत अर्धा एकर हरभरा शेंड्यापासून खुडला गेलेला मी पाहिला आहे, आणि भरपाईसाठी कागद गोळा करताना गेलेले दिवसही मोजले आहेत. त्यामुळे चार हरणे मारली तर काय बिघडले, असे जेव्हा पारावर कोणी म्हणतो, तेव्हा त्या बोलण्यामागचा संताप मला परका वाटत नाही.

तरीही ते बोलणे मला पटत नाही, आणि त्याचे पहिले कारण माझ्या आजोळात आहे. आईचे वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणायचो, पाटण तालुक्यातले. त्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती आणि त्यांनी तरुणपणी कोयनेच्या खोऱ्यात शिकार केली होती, ही गोष्ट मी लपवत नाही. लहानपणी त्यांच्याकडून मी ऐकले ते नेमबाजीचे किस्से फारसे नव्हते, तर माग काढण्याचे होते. कारवीच्या पानावर सांडलेले रक्त ते बोटावर घेऊन पाहत. रक्त लालभडक आणि फेसाळ असेल तर गोळी फुप्फुसात लागली आहे आणि जनावर जवळच पडलेले सापडेल. रक्त काळपट असेल आणि त्याला चघळलेल्या चाऱ्याचा वास येत असेल, तर गोळी पोटात लागली आहे. अशा वेळी लगेच पाठलाग केला तर जनावर जीव एकवटून मैलोन्‌मैल पळते, म्हणून काही तास बसून राहायचे, त्याला कुठेतरी आडवे होऊ द्यायचे आणि मग निघायचे. एकदा एका सांबरामागे ते पहिल्या दिवशी दुपारपासून दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत फिरले होते. त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगून ठेवले होते, "जखमी जनावर रानात टाकून घरी आलास, तर तुला ताट वाढायचं न्हाई." गाभण मादीवर आणि पाडसाजवळच्या मादीवर बंदूक उगारायची नाही, हेही तसेच ठरलेले होते. आमच्या उसात पडलेल्या त्या मादीच्या बाबतीत ही दोन्ही बंधने मोडलेली होती. बॅटरीच्या झोतात डोळे चमकतात, तेवढ्यावर बंदूक चालवणाऱ्याला नर कोणता, मादी कोणती हे दिसतच नाही, आणि पकडले जाण्याच्या भीतीने तो माग काढायला उतरतही नाही.

तात्यांच्या काळात जे चालत होते ते आज कायद्याने बंद आहे आणि ते बंदच राहावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही सुरुवातीला परवान्याने शिकार करण्याची तरतूद होती, हे अनेकांना ठाऊक नसते. ती १९९१ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. आता काही शिकलेली मंडळी अमेरिकेचे उदाहरण देतात. तिथे हरणांच्या शिकारीचा ठरलेला हंगाम असतो, परवाने असतात, शिवाय १९३७ पासून बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामासाठी जातो. हे सगळे खरे आहे. पण तिथला हंगाम तिथल्या हरणांच्या जीवनक्रमावर बेतलेला आहे. तिथले पांढऱ्या शेपटीचे हरीण शरद ऋतूत माजावर येते आणि त्याची पाडसे उन्हाळ्याच्या तोंडाशी जन्मतात, त्यामुळे शरदात बंदूक उचलली तर दूध पिणारे पाडस सहसा मागे उरत नाही. आपल्या चितळाचे तसे नाही. त्याची वीण वर्षभर चालू असते, एकाच कळपात एका नराची शिंगे झडलेली असतात, दुसऱ्याच्या शिंगांवर अजून लव असते, आणि माद्यांपैकी कोणी गाभण तर कोणी नुकतीच व्यालेली असते. वर्षातले कोणते महिने मोकळे धरायचे, या प्रश्नाला इथे उत्तरच सापडत नाही.

त्याच अमेरिकेचा दुसरा धडा मात्र कोणी सांगत नाही. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातले लांडगे तिथल्या सरकारने १९२० च्या दशकात मारून संपवले. त्यानंतर एल्क जातीची हरणे इतकी वाढली की त्यांना आवर घालण्यासाठी उद्यानाच्या कर्मचाऱ्यांनाच ती हजारोंनी मारावी लागली, आणि अखेर १९९५ मध्ये कॅनडातून लांडगे आणून सोडावे लागले. आपल्याकडेही इंग्रजी अमदानीत वाघ, बिबट्या आणि लांडगा मारणाऱ्याला बक्षीस मिळत असे. हौसेसाठी बंदूक घेतलेला माणूस सर्वांत मोठ्या शिंगांचा नर शोधतो. बिबट्या मात्र जे मागे पडते, लंगडते, आजारी असते किंवा बेसावध असते ते उचलतो, आणि वर्षाचे बाराही महिने उचलतो. त्याच्या भीतीने कळप एका जागी फार वेळ चरत नाही, हा फायदा तर वेगळाच.

अलीकडे आमच्या भागात उसात बिबट्याचा वावर वाढला आहे आणि गावात भीती आहे, ती मलाही आहे. संध्याकाळी मोटार चालू करायला मी एकटा जात नाही. परंतु एका बाजूला हरणे वाढली म्हणून ओरडायचे आणि दुसऱ्या बाजूला हरणे खाणारा दिसला की त्याच्या वाटेवर फास लावायचा, हे दोन्ही एकाच तोंडाने बोलता येणार नाही. आमच्या शेतात दरवर्षी खतासाठी मेंढ्या बसवायला माणदेशातले धनगर येतात. त्यांतल्या एका वयस्कर मामांना मी लांडग्याविषयी विचारले होते. ते म्हणाले, "लांडगा एखादं कोकरू न्हेतो, त्ये त्याचं असतंय. पर कुणी मेलेल्या मेंढीत इख घातलं, की पयलं माझं कुत्रं मरतंय." रात्री वाघर, म्हणजे मेंढ्यांभोवतीचे जाळे, नीट लावली आणि कुत्री जागी असली की नुकसान आवाक्यात राहते, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यांचे सगळे आयुष्य लांडग्याच्या मुलखात गेले आहे.

हरणे कमी करण्याचा सरळ मार्ग आपल्या जिल्ह्यातच आहे. सागरेश्वरमध्ये चितळे जास्त झाली आहेत आणि पश्चिमेला चांदोलीत, म्हणजे २०१० साली झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, वाघाला खायला ती कमी पडतात. इथली चितळे तिथे नेऊन सोडण्याचे काम झालेले आहे. ते दरवर्षी आणि मोठ्या प्रमाणावर व्हावे, एवढीच माझी मागणी आहे. चितळ हाताने धरायला गेले तर हाय खाऊन मरते. म्हणून आफ्रिकेतून आलेल्या बोमा पद्धतीत कापडाच्या उंच भिंती नरसाळ्यासारख्या निमुळत्या उभारतात आणि कळपाला सावकाश, माणूस फार दिसू न देता, टोकाशी लावलेल्या गाडीत नेतात. हे काम वेळखाऊ आणि खर्चाचे आहे. ते होईपर्यंत कुंपण जिथे तुटले आहे तिथे ते दुरुस्त व्हावे, आणि पिकाची भरपाई पुढचे पीक काढायच्या आत मिळावी. शेतकऱ्याच्या हाती वेळेवर पैसे पडले, तर रात्री झोत घेऊन येणाऱ्यांना वाट दाखवणारा गावात कोणी मिळणार नाही, असा माझा विश्वास आहे.

त्या मादीच्या प्रकरणात गुन्हा नोंदवला गेला आहे. मी माझा जबाब लिहून दिला आहे. ज्या दोघांनी झोत पाहिले ते अजून सही करायला कचरतात, कारण गाडी कोणाची असावी याचा अंदाज त्यांना आहे आणि त्यांना गावातच राहायचे आहे. उद्या सकाळी धार काढून झाली की मी पुन्हा त्यांच्या घरी जाणार आहे.