कासच्या कातळावरची भूक

साताऱ्याहून कासला जाणारे बहुतेक जण रंग पाहायला जातात. मी मात्र गेल्या सप्टेंबरात वाटेच्या कडेला उकिडवा बसून दवबिंदू नावाच्या बोटभर उंचीच्या एका रोपट्याकडे अर्धा तास पाहत होतो. त्याच्या पानांवरील तांबूस केसांच्या टोकांना चिकट थेंब होते आणि त्यांतल्या एकात चिलटाचा पाय अडकला होता. ते जितके धडपडत होते, तितके शेजारचे केस त्याला चिकटत होते.

वनस्पती आपली साखर सूर्यप्रकाश, पाणी आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड यांपासून तयार करतात, आणि दवबिंदूही तेच करतो. अडचण असते ती नत्राची. जांभ्या कातळावरील मातीचा थर अत्यंत पातळ असून पावसाळ्यात त्यातील क्षार वाहून जातात. ही उणीव तो कीटक पचवून भरून काढतो. शेजारी जांभळी झाक पसरवणाऱ्या ‘सीतेची आसवे’ या नाजूक वनस्पतीचे सापळे तर ओल्या मातीत दडलेले असतात: सूक्ष्म पिशवीचे झाकण उघडताच पाण्यासह जीव आत खेचला जातो.

याच जिल्ह्याच्या पूर्वेला, माणच्या दुष्काळी माळावर, फड्या निवडुंगाची विवंचना निराळी आहे. पाणी उडू नये म्हणून तो आपली पर्णरंध्रे दिवसा मिटून ठेवतो, रात्री कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतो आणि उजाडल्यावर त्याची साखर करतो.

चिलटाची धडपड थांबली, तेव्हा पाऊस सुरू झाला होता.