कुऱ्हाडीचा दांडा उन्हाळ्यातच बसवा

जुनी कुऱ्हाड हाती आली की बहुतेकांचा सगळा जोर गंज काढण्यावर. खरं काम दांड्याचं असतं. खानदेशात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांना टेकतो, लाकूड आकसतं आणि पावसाळ्यात ठोकलेला दांडा नेढ्यात, म्हणजे पात्याच्या भोकात, खुळखुळायला लागतो. उलट मे महिन्यात बसवलेला दांडा पावसाळी हवेत फुगून आणखी आवळतो.

ढिली कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवायची सवय गावोगाव आहे. लाकूड फुगतं खरं, पण नेढं जागचं हलत नाही, मग आतले तंतूच चेपतात. वाळल्यावर दांडा पहिल्यापेक्षा ढिला. वरून खिळे ठोकणं तर त्याहून वाईट, दांडा तिथेच चिरतो.

जुना दांडा जाळून काढायला पातं चुलीत घालू नका, धारेला दिलेलं पाणी, म्हणजे तिचा कडकपणा, उतरतं. नेढ्याखाली करवतीने कापा, उरलेला तुकडा ड्रिलने पोखरा आणि खालून वर ठोकून काढा.

गंजाला पांढरं व्हिनेगर पुरतं. रात्रभर बुडवा, तारेच्या ब्रशने घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं करून तेल लावा. नाहीतर तासाभरात पिवळी झाक येते. तुंब्याच्या, म्हणजे पात्याच्या मागच्या बोथट बाजूच्या, कडा ठोकून ठोकून बाहेर आल्या असतील तर घासून टाका, त्यांच्या चिपा उडतात.

धार कानशीनेच काढा. ग्राइंडरवर कड निळी पडली म्हणजे पोलाद सुमारे ३०० अंशांपर्यंत तापून मऊ झालं. तेवढा भाग घासून काढावा लागतो. कानस पुढे ढकलतानाच कापते, मागे आणताना उचला. दोन्ही बाजू मिळून २५ ते ३० अंशांचा कोन, किंचित फुगीर. शेवटी धारेच्या दगडावर नखाला अडकणारी बारीक कड जाईपर्यंत घासा. खालच्या लोखंडासारखी धारही कानशीला सहज कापली जात असेल, तर लोहाराकडून पुन्हा पाणी देऊन घ्यावं लागेल.

दांड्याला सातपुड्यातला धावडा उत्तम, पण वाळलेला आणि रेषा सरळ टोकापर्यंत गेलेला. ओली बाभूळ नको. नेढ्याची मोठी बाजू वर ठेवा. दांड्याच्या डोक्याला नेढ्याच्या दोन तृतीयांश खोलीचा काप द्या. दांडा नेढ्यात घातल्यावर कुऱ्हाड उलटी, पातं खाली लोंबकळतं ठेवून धरा आणि दांड्याच्या बुडावर लाकडी हातोडा मारा. पातं आपल्या वजनाने जागीच राहतं, दांडा त्यात शिरत जातो. मग कोरड्या लाकडाची पाचर ठोका आणि वर ३-४ मिलिमीटर लाकूड ठेवून बाकीचं कापा.

शेवटी जवसाचं तेल, रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळतं ते. पातळ हात, पुसून, दोन दिवस सुकू द्यायचं, असं तीनदा. कापलेल्या डोक्यावर जरा जास्त मुरवा. तेलाचं फडकं मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेतं. दोरीवर पसरून वाळवा.